स्लिप न निघालेली भाषा

नवी भाषा घडवण्याचे भाग्य शतकातून एखाद्यालाच लाभते, आणि ज्याला लाभते त्याच्या खांद्यावर पुढच्या पिढ्यांच्या विचारांचा भार येऊन पडतो. आमच्या घरी हा भार संध्याकाळी साडेसहाला, चहा झाला की पडायचा. मी पोळ्यांना बसले की पोळपाटाला जागा लागे, म्हणून तो भार, म्हणजे एक जाड रजिस्टर, उचलून खाटेवर ठेवावा लागे.

भार वाहणारे म्हणजे माझे यजमान. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. हे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातून मॅट्रिक होऊन इथे कारकून म्हणून लागले होते. काम होते नियमांची पुस्तके सांभाळण्याचे. एखादा नियम बदलला की वरून छापील चिठ्ठी येई. तिला करेक्शन स्लिप म्हणत. ती कापायची, डिंक लावून जुन्या नियमावर चिकटवायची आणि कडेला तारीख घालून सही करायची. स्लिप चिकटेपर्यंत जुना नियम खरा, चिकटली की नवा. जग याच पद्धतीने बदलते असा यांचा पक्का समज झाला होता, आणि यांच्या टेबलापुरता तो खराही होता.

साइटवर तेव्हा देशभरची माणसे आली होती. आंध्रचा फिटर, पंजाबचा फोरमन, शेजारच्या कुरुद गावाहून पायी येणारे मजूर, आणि सगळ्यांच्या वर रशियन तज्ज्ञ व त्यांचे दुभाषे. ‘क्रेन खाली घे’ एवढे वाक्य तीन तोंडांतून उतरेपर्यंत क्रेन वरच लटकत असे. ते पाहून यांनी ठरवले, सगळ्यांसाठी एकच भाषा करायची. नाव ठेवले सरळी. शब्द सगळ्यांकडून थोडे थोडे घेतलेले, नियम अठरा, अपवाद एकही नाही.

“आपल्या मराठीत काय अंधेर हाये पाय,” हे मला सांगत. “जातो, पन गेला. ‘जा’चा ‘गे’ कोनी केला? मंजुरी कोनाची?”

“मले काय मालूम? मी आली तवापासून असंच हाये.”

दोन वर्षे हे त्या रजिस्टरात डोके घालून होते. सेक्शनच्या मोठ्या साहेबांनी शिफारस करावी आणि साइटच्या एखाद्या कोपऱ्यात सरळी चालवून पाहावी, एवढेच यांचे मागणे होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे नियम चिकटवलेल्या माणसाला वाटत होते, आपलाही एखादा नियम कोणी पाळावा. ते मला दिसत होते, म्हणून मी सरळी शिकले. नाहीतर नियम पाळायला सासर पुरेसे होते.

ऑफिसात कोणी शिकले नाही. कारकुनांना आधीच तीन भाषांत टाळाटाळ करता येत होती, चौथीची गरज नव्हती. शिकल्या त्या बायका. आम्ही कॅम्पातल्या टिनाच्या घरांत राहत होतो आणि पूर्ण ओळीला नळ एक. शेजारीण तेलुगू. सहा महिने आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो, आणि सहा महिने हसून तोंड दुखते. मी तिला सरळी शिकवली, तिने पलीकडच्या दोघींना. दोन महिन्यांत नळावर सरळीत भांडणे होऊ लागली. भांडता आले म्हणजे भाषा आली, असे मी तेव्हापासून मानते.

मग ती बिघडू लागली. बिघडू लागली हा यांचा शब्द.

झालेली गोष्ट सांगायची तर क्रियापदामागून ‘समाप्त’ म्हणायचे, असा सातवा नियम होता. ‘पानी आ समाप्त’, म्हणजे पाणी आले. पण नळाला पाणी आल्याची बातमी ओळीच्या टोकापर्यंत ओरडून द्यायची असते, आणि तुमचे ‘समाप्त’ संपेपर्यंत दुसरीची बादली लागते. महिन्याभरात ‘पानी आसम’ झाले. त्यामागून ‘खासम’, ‘धोसम’. नव्याने शिकणाऱ्या बाईला त्यात पूर्वी ‘समाप्त’ होते याचा पत्ताही नसे. पुढे पुढे तेही मिळमिळीत वाटू लागले. एखादी गोष्ट खरोखरच झाली हे ठासून सांगायचे तर आम्ही म्हणायचो, ‘खासम समाप्त’. हाकलून दिलेला पाहुणा मागच्या दाराने परत आला.

“हे ‘सम’ कुठून आलं वो?” यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून विचारले. “स्लिप निघाली काय?”

“नळावर निघाली.”

“नळाले अधिकार नाही.”

“अन तुमी ‘करून राहिलो’ म्हंता त्याची स्लिप कोनी काढली? मी भाजी चिरून राहिली म्हंजे कुठं राहिली? भाजीत?”

यांनी तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, “ते जुनं हाये. जुन्याले चालते.”

दुसरा गोंधळ ‘नू’चा. ना म्हणजे मी, आणि नू म्हणजे तू, तुम्ही, आपण, सगळेच. समतेचा नियम, यांना तो फार आवडायचा. पण नवऱ्याला, साहेबाला आणि दारातल्या कुत्र्याला एकाच शब्दाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. मी यांना नामांचा अनेकवचनी ‘सब’ जोडला, ‘नूसब’. ते बघून सगळ्या एकमेकींना नूसब म्हणू लागल्या. कुरुदहून पाटी घेऊन येणाऱ्या, ऐकून ऐकून सरळी उचललेल्या भाजीवालीला मी एकदा पुस्तकाप्रमाणे ‘नू’ म्हटले, तर ती फणकारली, “मोला काबर नू कहिथस, बाई? मैं कुकुर आंव का?” तेव्हापासून नू फक्त कुत्र्याला राहिला. आणि खरोखर अनेक जणी असल्या की ‘नूसबसब’. यांनी कपाळाला हात लावला.

अशात साहेब रविवारी यायला कबूल झाले. रजिस्टर समोर ठेवून बोलणे तपासणार, ठीक वाटले तर शिफारस करणार. यांनी मला विनवले, “त्या दिवशी तेवढं पुस्तकातलं बोल. माह्यासाठी.” मी शेजारणीकडून चार वाक्ये पाठ करून घेतली.

साहेब आले. मागून आणलेल्या खुर्चीत बसले, रजिस्टर मांडीवर. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो.

“नू भात खा समाप्त?”

“ना भात खा समाप्त.”

पहारेकरी बदलताना बोलतात तसे आम्ही बोललो. साहेब बोट फिरवून नियम जुळवत होते आणि मान डोलावत होते. यांचा चेहरा लग्नातही इतका उजळला नव्हता.

तेवढ्यात दारात भाजीवाली आली. शेजारणीने तिला पाहिले आणि पाठांतर विसरली. आदल्या दिवशीची लालभाजी घरी नेईपर्यंत मान टाकून बसली होती. “नूसब भाजी! सुखासम समाप्त!” असा तिने जो सूर लावला, त्याला भाजीवालीने पाटी खाली ठेवून उत्तर दिले. मला मध्ये पडावेच लागले. कोणाची भाजी, कोणी उन्हात ठेवली, कोणाच्या सासूने खाल्ली, सगळे निघाले. तिघी तीन मुलखांच्या, पण एकीचाही टोमणा वाया गेला नाही. आम्ही थांबलो तेव्हा साहेब पाने उलटत होते.

“यह कौन-सी बोली है? इसमें तो कहीं नहीं मिल रही.”

शेजारीण हुशार, एव्हाना तिला मोडके हिंदी कळू लागले होते. तिने लगेच सांगितले, “छत्तीसगढ़ी, साब.” साहेब अलाहाबादकडचे होते, इथली बोली त्यांना येत नव्हती, त्यांना ते पटले असते. त्यांनी यांच्याकडे पाहिले. नुसते ‘हो’ म्हटले असते तर शिफारस झाली असती. मी मनातून यांना ‘हो’ म्हणायला ढकलत होते.

हे रजिस्टराकडे बघत राहिले, मग आमच्या तिघींकडे. “वही है, साहब,” हे म्हणाले. “सरली ही है. चल रही है.”

“और ये जो बदला हुआ है? स्लिप?”

“स्लिप नहीं निकली.”

साहेबांनी रजिस्टर मिटले. माणूस वाईट नव्हता. “जिस दिन बदलना बंद हो जाए, उस दिन ले आइए,” एवढे बोलून चहा पिऊन गेले.

त्या रात्री हे जेवले नाहीत. मी दोनदा विचारले, मग ताट झाकून ठेवले.

सकाळी पाण्याच्या वेळी हे नळावर आले. ओळीतला एकही पुरुष नळावर येत नसे. हातात बादली, काखेत रजिस्टर. ओट्याच्या कडेला बसले आणि शेजारणीला म्हणाले, “अभी क्या बोला? फिर से बोलो.” बायका आधी लाजल्या, मग सरसावल्या. हे विचारायचे आणि लिहायचे. चूक म्हणून कोणालाच टोकत नव्हते. घरी येऊन प्रत्येक बदलाची स्लिप स्वतः लिहायचे, चिकटवायचे, सही करायचे. सातव्या नियमावर स्लिपांचा इतका थर चढला की ते पान एकटे उभे राहायचे. कोणी विचारले की सांगायचे, “काल नळावर ठरलं,” आणि सांगताना यांची मान थोडी वर असायची. पुढे कोणी नवी भाषा करायला बसलाच, तर यांना असे बसलेले त्याने एकदा पाहायला हवे होते.

वर्षभराने यांनी सगळे नीट उतरवून पुन्हा अर्ज केला. बदलणे बंद झालेले नाही, होणारही नाही, तरी शिफारस व्हावी, असे त्यात स्वच्छ लिहिले, आणि प्रत्येक बदल कुठे ठरला तेही. साहेबांची तोवर बदली झाली होती. अर्जात नळाचा उल्लेख फार असल्यामुळे ऑफिसने तो पाणीपुरवठ्याकडे पाठवला. एका मंगळवारी तिकडचा फिटर आला, त्याने नळाचा वॉशर बदलला आणि अर्ज निकाली निघाल्याची यांची सही घेऊन गेला.