परत रचलेले पेले

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझं सगळं तिला ठाऊक आहे असं ती चारचौघांत म्हणते आणि मी हसून वेळ मारून नेतो. तुम्हाला का सांगतोय? तुमचा चेहरा मला दिसत नाही — त्यामुळेच जमत असेल.

आधी पेल्यांचं सांगतो. भूकंपानंतर लातूरकडे लोक उशाशी पेले रचून झोपायचे. खाली स्टीलचं ताट, त्यावर एक पेला उपडा, त्यावर एक सुलटा, त्यावर परत उपडा. जमीन जराशी हलली की खणखणाट होणार आणि झोपलेला माणूस उठून बाहेर पळणार. आमच्या जळकोटच्या घरीही रचायचे. रात्री मांजर आलं की अख्खी गल्ली रस्त्यावर! पुढे भीती ओसरली, पेले परत मांडणीवर गेले.

महेबूबचे गेले नाहीत. बारावीला लातुरात आम्ही एका खोलीत राहायचो. तेव्हा गावोगावची पोरं क्लाससाठी लातूरला येत होती, त्यातलेच आम्ही दोघं. तो औशाकडच्या एका पडलेल्या गावातला, बाप शिंपी. भूकंप झाला तेव्हा आम्ही सहावीत होतो. त्या रात्री तो एकटाच दारातून बाहेर पळाला. अम्मी आणि धाकटी बहीण आत राहिल्या. आपण कुणाचा हात धरला नाही, नुसते पळालो — हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. खोलीत दिवा घालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून.

आणि मी? मी त्याच्यावर जळत होतो. क्लासच्या चाचणीत तो कायम माझ्या वर. सर त्याचं नाव घेताना आवाज मऊ करायचे. खाणावळीतली मावशी त्याला न मागता जास्तीची भाकरी वाढायची. भूकंपात माझ्या घरचं कुणी मेलं नाही याचा मला — हो, लिहूनच टाकतो — राग यायचा. असा राग माणसाला येतो का? मला यायचा.

सराव परीक्षा संपल्यावर क्लासच्या सरांनी हुशार पोरांची सहल काढली. पोरांची डोकी जरा ताजी होतील म्हणाले. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने कोकणात, शनिवारी डोंगर चढून पलीकडे उतरायचं, समुद्राकाठी तंबूत मुक्काम, रविवारी परत निघायचं. आमच्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. डोंगर चढताना मला धाप लागली. मी मागे पडलो, तर महेबूब परत खाली आला, माझी पिशवी आपल्या खांद्यावर टाकली आणि पुढे चालू लागला. पोरं हसली. तो हसला नव्हता. पण मी राग धरला तो त्याच्यावर. पोरांवर नाही.

बघा, मी अजून गोल गोल फिरतोय.

त्या रात्री तो तंबूत झोपला नाही. नव्या जागी डोक्यावर काही असलं की त्याला झोप यायची नाही. बाहेर वाळूत अंथरूण टाकलं, एक चपटा दगड शोधून आणला, त्यावर ताट ठेवलं आणि पेले रचले. पोरांनी खेचली — समुद्राला पण भूकंप होतो काय रे? सर म्हणाले, राहू द्या त्याला.

पहाटे मला जाग आली. झुंजुमुंजु झालं होतं. लघवी करून परत येताना मी त्याच्या उशाशी थांबलो. तो तोंड उघडं टाकून झोपला होता, लहान पोरासारखा. पेले उभे होते. का केलं, ते मी स्वतःला नाना तऱ्हेने समजावून पाहिलंय. गंमत, वय, झोपेची गुंगी. यातलं एकही खरं नाही. तो घाबरलेला मला बघायचा होता. सगळ्यांनी त्याला हसलेलं बघायचं होतं — बस, एवढंच. मी पायाने ताट ढकललं.

तो ताडकन उठला. मला उभा पाहिलं, दंडाला धरून समुद्राकडे ढकललं आणि ओरडला — "पळ, इज्या, पळ!" आणि स्वतः कुठे पळाला? तंबूंकडे. दोऱ्या तोडल्या, कापड फाडलं, पोरांना पायाला धरून, केसांना धरून, हाती येईल तसं बाहेर ओढू लागला. सरांना चड्डीवर ओढून काढलं. एका पोराचा खांदा निखळला, तो गुरासारखा ओरडायला लागला, तरी याने त्याचा हात सोडला नाही. तो काय करत होता हे त्या किनाऱ्यावर फक्त मला कळत होतं.

आणि मी त्या गोंधळात खाली बसलो आणि पेले परत रचले. एक उपडा, एक सुलटा, एक उपडा. ढकलणं क्षणभराचं होतं हो. रचताना मी पुरता शुद्धीवर होतो.

सर धावत आले. पोरं काहीच हललं नाही म्हणत होती. महेबूब धापा टाकत म्हणाला, "पेले पडले सर. म्या ऐकलं, खुदा की कसम."

सगळ्यांनी पेल्यांकडे पाहिलं. मग त्यानेही पाहिलं. मग माझ्याकडे.

"इज्या, तू जागा होतास की. सांग की सरांना."

"न्हाई पडले," मी म्हणालो. "सपान पडलं असंल तुला."

तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्याने नुसते आपल्या कानांवर हात ठेवले. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा सोडला.

खांदा निखळलेल्या पोराच्या वडिलांनी क्लासमध्ये येऊन आरडाओरडा केला. सरांनी महेबूबच्या अब्बांना बोलावून घेतलं. पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, दाखवून घ्या म्हणाले. अब्बा मुंडासं हातात घेऊन नुसतं जी, जी करत होते. मी त्याची वळकटी बांधायला मदत केली. तो परीक्षेला बसला नाही. गोळ्या सुरू झाल्या. मला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला.

मागच्या वर्षी तो माझ्या दवाखान्यात आला. लातूरजवळच्या मुरुडात शिलाईचं दुकान आहे त्याचं. केस पांढरे, हात थोडे कापणारे. बायकोला बाहेर बसवून आला होता. डॉक्टर म्हणाला नाही, इज्याच म्हणाला. या गोळ्यांनी लई झोप येते, मशीनवर बसवत न्हाई, म्हणाला. मग विचारलं, "ते पेले पडले होते का रे त्या दिशी? तू म्हणशील ते खरं. पडले असतील तर गोळ्या बंद कराव्या म्हणतो."

दार लोटलेलं होतं. खोलीत आम्ही दोघंच. तो रागावणार नव्हता — मला ते स्वच्छ दिसत होतं. एक शब्द पुरे होता.

"नाही पडले," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. बरं झालं विचारलं, म्हणाला, आणि गोळ्यांची जुनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. मी त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. एकदम सहा महिन्यांच्या लिहिल्या, तो लवकर परत येऊ नये म्हणून.