शेळीनं न खाल्लेला पाला

शिल्पा माझ्या वरच्या खोलीत पाच वर्षं भाड्यानं राहिली. मुखेडजवळच्या खेड्यातली, कोरडवाहू शेतीच्या घरातली मुलगी. आई लहानपणी गेली. आत्यानं, तारामतीनं, वाढवलं. नांदेडला ती पीएच.डी. करत होती. विषय असा, की सीताफळाच्या पानांतला अर्क स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून काय होतं ते बघायचं.

"बघायचं म्हणजे कसं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आजी, शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते. खळग्यात पेशी, त्यावर अर्क. दोन दिवसांनी पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असल्या तर तो जांभळा होतो, मेल्या असल्या तर पिवळाच राहतो. मग तोच अर्क निरोगी पेशींवर टाकायचा. त्या मात्र जगल्या पाहिजेत."

मी कला शाखेची, तरी एवढं मला कळलं. तिचे मार्गदर्शक अण्णाराव सर विज्ञानाचे; त्यांना कळलं नाही. खिशाला तीन पेनं लावून फिरणारा हा गृहस्थ प्रयोगशाळेत त्यांतल्या एकाचंही टोपण काढत नसे. कॅन्सरच्या पेशींची ताटली पिवळी राहिली, त्याच दुपारी त्यांनी पत्रकाराला बोलावलं. निरोगी पेशींची ताटली अजून मांडायचीच होती. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'सीताफळाच्या पानांपुढे कॅन्सरची शरणागती'. फोटोत हातात डहाळी घेतलेले सर, आणि कडेला शिल्पाचा डावा कोपर. ते कात्रण मी कौतुकानं डायरीत चिकटवलं. माझीही अक्कल त्या दिवशी तेवढीच होती.

आपल्याकडे काम पुरं व्हायच्या आधी सत्कार होतो. आठवड्यात तिच्या गावात फ्लेक्स लागला: 'कॅन्सरवर औषध शोधणारी आमची कन्या'. अकरा पुढाऱ्यांचे चेहरे, कोपऱ्यात शिल्पा, आणि मध्ये सीताफळ म्हणून छापलेलं भलंमोठं रामफळ. ज्या गावाच्या बांधाबांधावर सीताफळ आहे, त्या गावात ही चूक कुणाच्या डोळ्याला खुपली नाही.

सत्काराच्या चार दिवस आधी दुसरी ताटली तयार झाली. तीही पिवळी. जेवढ्या अर्कानं रोगट पेशी मेल्या, तेवढ्यानंच निरोगीही मेल्या होत्या. शिल्पानं रजिस्टर सरांपुढे ठेवलं.

"हे पान काढून टाक," सर म्हणाले. "सत्कार होऊ दे. नंतर बघू."

"सर, रजिस्टरचं पान फाडत नसतात."

"मग रजिस्टरच सांभाळत बस. डिग्री कशाला हवी?"

हे मला सांगताना ती रडली नाही. रडली त्या संध्याकाळी, आत्याला फोन केल्यावर. तारामतीच्या छातीत गाठ निघाली होती, तपासणीत कॅन्सर ठरला होता आणि लातूरला ऑपरेशनची तारीखही मिळाली होती.

"आत्या, लातूरला कधी निघताय?"

"मामानं तारीख सोडून दिली की. तुझा पाला उकळून पिऊन राहिले मी, रोज पेलाभर. तुला सत्काराला स्टेजवर सांगणार होतो."

"आत्या, आजपासून बंद! एक थेंब घ्यायचा नाही."

"मामा म्हणत्यात, पेपरात आलंय. पेपरवाले येडे हायेत का?"

मामा म्हणजे व्यंकट, तारामतीचा नवरा. त्यानं फोन घेतला, "बाळा, तू लई बारीक झालीस, नीट जेव," म्हणाला आणि ठेवला.

रविवारी मी तिच्याबरोबर एसटीनं गावी सत्काराला गेले. तीन भाषणं झाली. एका वक्त्यानं हे ज्ञान आपल्या पूर्वजांना होतंच असं सांगितलं. मग सीताफळाच्या बियांनी पूर्वज फक्त उवाच का मारत होते, ते सांगितलं नाही. अण्णाराव सरांना शाल मिळाली. तारामतीला पुढच्या खुर्चीवर बसवली होती, पुरावा म्हणून.

शिल्पानं माईक घेतला. "हाच अर्क मी निरोगी पेशींवर टाकला. त्याही मेल्या. ताटलीतल्या पेशी फिनाईलनंसुद्धा मरतात. माणूस जगवून रोग मारतं ते औषध. हे औषध नाही."

"पोरगी घाबरली," सर हसून म्हणाले.

व्यंकट उठला. "मग पेपर खोटं छापंल व्हय?"

"मामा, आपली शेळी सीताफळाचा पाला खाती का?"

मागे बसलेल्या बाया फसकन हसल्या.

"न्हाई," व्यंकट म्हणाला. "तोंड बी लावत न्हाई."

"का?"

"बाधतो म्हणून."

"आणि आत्याला?"

तारामती उठली, पदर सारखा केला आणि मांडवाला ऐकू जाईल असं बोलली, "म्हंजी ह्या घरात शेळीला जे देत न्हाईत ते मला देत्यात. चल गं शिल्पा, लातूरला."

ऑपरेशन एकोणीस दिवस उशिरा झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ वाढली आहे, पण हाताबाहेर गेलेली नाही. त्या एकोणीस दिवसांबद्दल वर्तमानपत्रानं एक ओळ छापली नाही. मी पाठवलेली दोन्ही पत्रं त्यांनी गिळली. सरांनी शाल परत केली नाही. ते आता शेवग्याच्या मागे लागले आहेत. शिल्पाला मार्गदर्शक बदलावा लागला, वर्ष गेलं. यंदा प्रबंध झाला, त्यात दोन्ही ताटल्या आहेत.

गेल्या महिन्यात मी तारामतीकडे गेले होते. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून उजव्या हातानं ती शेळ्यांना बाभळीच्या शेंगा टाकत होती. गोठ्यावर छप्पर म्हणून तोच फ्लेक्स घातला आहे, अकरा पुढाऱ्यांसकट.

"गळतो का?" मी विचारलं.

"गळतो की," ती म्हणाली. "कसा न्हाई गळणार? त्यावरचं सीताफळ बी खरं न्हाई."