उषाताईंचा ‘ळ’

उषाताई माळी यांची माझी पहिली भेट नंदुरबारच्या एका छापखान्यात झाली. मी लग्नपत्रिका जुळवत होतो. मागून आवाज आला, “भाऊ, नवरदेवनं नाव नवरीना नाववर पडी ऱ्हायनं. जरासं सरकाव.” मी सरकवलं, आणि तेव्हापासून ताई मला सरकवतच आल्या आहेत.

ताई मूळच्या जवळच्याच कोरीट गावच्या. मुंबईत अक्षरांची कला शिकून त्या हट्टानं परतल्या आणि इथंच काम थाटलं. पुढं मीही त्यांच्याकडे रुजू झालो. माझी पत्नी आजारी असताना त्यांनी माझी सगळी कामं निमूट उरकली. गिऱ्हाइकांना पत्ताही लागू दिला नाही.

मुलींच्या एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचे काही सामने महाराष्ट्रात होणार होते. बोधचिन्ह, रंग, अक्षरांचं वळण, सगळं परदेशातून ठरून आलं. मराठी फलकांचं काम एका जाहिरात कंपनीमार्फत आमच्याकडे आलं. एवढं मोठं काम आम्ही कधी पाहिलं नव्हतं. घोषवाक्य होतं ‘हा खेळ आमचा’, आणि पाठवलेल्या देवनागरी अक्षरांत ‘ळ’च नव्हता! संगणक तो दुसऱ्याच वळणाच्या अक्षरांतून उसना आणायचा, आणि नव्या साडीला ठिगळ लावावं तसा तो दिसायचा.

कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, “‘खेल’ करून टाका, सगळ्यांना समजतं. आणि मॅडम, तुमच्या अहिराणीत तर ‘ळ’चा ‘य’च होतो ना?”

“होतो,” ताई शांतपणे म्हणाल्या. “म्हणूनच सांगते. शाळेत मी ‘ळ’ रडत रडत शिकले. तो काढायचा असेल, तर काम दुसऱ्या कुणाला द्या.”

फोन ठेवून ताई कागद घेऊन बसल्या. परदेशी अक्षरांचा जाडपणा आणि कोपऱ्यांची गोलाई सांभाळत त्यांनी ‘ळ’ची दोन्ही वेटोळी पुन्हा पुन्हा काढली, आणि मनासारखा ‘ळ’ उतरल्यावर मंजुरीला पाठवला. काम हातचं गेलं, असं धरूनच आम्ही चाललो होतो. पण परदेशातून होकार आला, आणि साहेबांनाही तो मान्य करावा लागला.

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या दारावर पुरुषभर उंचीची अक्षरं झळकत होती. ताई खाली उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, “हा खेय आमचा!”

मग आपलेच शब्द कानी पडून त्या खळखळून हसल्या.

ताईंनी आता साठी पूर्ण केली आहे. त्यांचे डोळे आणि हात असेच तल्लख राहोत, त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो. ‘ळ’ त्यांनी लिहीत राहावा, म्हणताना मात्र ‘य’च म्हणावा, एवढंच आमचं मागणं.