मेडोराची वाळू

टँटी मेडोरानं आमचा किनारा विकला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर आमच्या बेटावरचं, आन्स ग्री गावातलं कुठलंही शेंबडं पोर तुम्हाला सांगेल, आणि वर हसेल. गाढवाच्या पाठीवर दोन टोपल्या, टोपल्यांत वाळू, आणि मागून टँटी, हातात काठी, तोंडात शिव्या. आमच्याकडं मावशीला टँटी म्हणतात. चर्चच्या भिंतीत तिची वाळू आहे. शाळेच्या भिंतीत आहे. ती शाळा मी अर्ध्यात सोडली, पण भिंत चांगली होती, खोटं कशाला बोलू. लिंटनचं दुकान, धक्क्याच्या पायऱ्या, आमचं घर, सगळीकडं तिचीच वाळू.

तेव्हा तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलणार काय? प्रत्येकाला पक्कं घर हवं होतं. लंडनला, ब्रुकलिनला राबणारी पोरं कळवायची, लाकडी खोपटं पाडा आणि भिंत घाला. भिंत म्हटली की वाळू, आणि वाळू म्हटली की मेडोरा. किनारा एवढा रुंद होता की क्रिकेट खेळताना कुणी कितीही जोरात हाणला तरी चेंडू पाण्यात जायचा नाही. तो संपेल असं कुणाला वाटणार?

तिचा नवरा थिओ. होड्या बांधायचा. साधी होडी नाही, शिडाची, मोठी, जिला पाण्यात ढकलायला अख्खं गाव लागायचं. तो तिला चिडवायचा, "मेडोरा, माझी होडी ढकलायला थोडा किनारा ठेव हं." ती म्हणायची, "तू आधी होडी पुरी कर. तुझी होडी होईस्तोवर समुद्र आटेल." पोर झालं नाही त्यांना. मग दोघं एकमेकांनाच पोरासारखं वागवायचे, म्हणजे दिवसभर ओरडायचे. माझी आई त्रिनिदादला गेली ती परत आली नाही, तेव्हापासून मी या दोघांच्या ताटात जेवले. म्हणून टँटीबद्दल कुणी वाकडं बोललं की मी भांडते. ती चुकली असली तरी भांडते. तो माझा प्रश्न आहे.

थिओ गेला तो वादळाच्या बऱ्याच आधी. सकाळी रंधा मारत होता, दुपारी गेला. समुद्राकडेला आमची दफनभूमी आहे, बदामाच्या झाडांखाली, तिथं तिसऱ्या रांगेत त्याला पुरलं. डोक्याशी लाकडाचा क्रूस, तात्पुरता. दगड नंतर लावायचा असतो. आमच्याकडं दगड म्हणजे नुसता दगड नाही, जेवण आहे, ढोल आहे, सगळ्या नातेवाइकांना बोलवायचं, दगड घरात आणून त्याच्यावर पांढरी चादर घालायची, रम शिंपडायची, मग वाजतगाजत नेऊन डोक्याशी रोवायचा. तोवर मेलेला माणूस पुरता मेलेला नसतो. पाहुणा दारात उभा राहून "बसा" म्हणायची वाट बघतो ना, तसा तो उभा असतो. गरिबांना दगडाला वर्षं लागतात. टँटीनं त्यासाठी दोन बोकड पाळले होते. गाढव मेलं होतं, वाळूचा धंदा कधीच बंद पडला होता, वर सरकारनं बंदीपण घातली होती. ती बोकडांना आंब्याचा पाला घालायची आणि म्हणायची, "खा रे, थिओच्या दगडाला तुम्हीच आहात."

मग वादळ आलं.

वादळाचं मी सांगणार नाही. सगळे सांगतात, आणि सगळ्यांचं सारखंच असतं. छपरं गेली, होड्या डोंगरात सापडल्या, बोकड गेले. किनारा एका सकाळीत गेला. आम्ही खाली उतरलो तेव्हा वाळू नव्हतीच, काळे दगड होते, बापजन्मात न बघितलेले. आणि समुद्र दफनभूमीला येऊन टेकला होता. पहिली रांग गेली होती. दुसऱ्या रांगेतल्या एका पेटीचा कोपरा कडेतून बाहेर आला होता. टँटी धावत जाऊन तिसऱ्या रांगेत पोचली. थिओचा क्रूस वाकला होता, पण होता. तिनं तो सरळ केला आणि त्याला शिव्या घालायला लागली. म्हणजे थिओला. ती घाबरली की असंच करते.

पुढं समुद्र शांत झाला आणि वाळू परत यायला लागली. खरंच. आधी दगडांच्या फटीत, मग दफनभूमीपुढं एक जिभेसारखी पट्टी. टँटी रोज बघायला जायची. एके दिवशी तिनं मोडक्या खुर्चीला दोरी बांधली आणि पट्टीच्या तोंडाशी बसली. मला म्हणाली, "ही अशी वाढत राहिली ना, तर कड टिकते. ईस्टरनंतर मी दगड लावते. बोकड नसले तर नसले."

"आणि तोपर्यंत तू इथं बसणार?"

"मग काय घरी बसू? घराला छप्पर कुठंय?"

ती बसली कारण सिमेंट आलं होतं. मदतीचं. जहाजातून गोण्याच्या गोण्या, घरटी वाटल्या. सिमेंट आलं, वाळू आली नाही. म्हणे दुसऱ्या जहाजानं येणार. ते जहाज कुणी पाहिलं नाही. आणि खाऱ्या हवेत सिमेंट किती दिवस राहणार? गोणीतच दगड होतं. मग लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर यायला लागले. चोरून नाही, भर दुपारी. बंदी होती, पण पोलीस चौकीलाच छप्पर नव्हतं, तो बिचारा शिपाई स्वतःच ताडपत्री शोधत फिरत होता.

पहिला आला दुकानवाला लिंटन.

"मेडोरा, तू पोलिसात कधी लागलीस?"

"तुझ्या बापाला पुरलं त्या दिवशी. दुसरी रांग. राहावा का तो तिथं, की जाऊ दे आईच्या मागं?" त्याची आई पहिल्या रांगेत होती.

"वा! गाढवावरून अख्खा किनारा नेलास, आणि आता मला एक बादली देत नाहीस?"

"नेला. तुझ्या दुकानात घातला. दुकान पडलंय ना? जा, तिथलं खरवड."

मी हसले. लिंटन माझ्याकडं बघून थुंकला आणि गेला. टँटी असं एकेकाला परतवायची. कोण कुठल्या रांगेत आहे ते तिला पाठ होतं. कुणाचं मूल, कुणाची बहीण. लोक रिकाम्या बादल्या घेऊन जायचे आणि वरच्या वाटेवर जाऊन तिच्या नावानं बोटं मोडायचे. "सगळा किनारा खाल्ला म्हातारीनं, आता उरलेला अंगाखाली घेऊन बसलीय." हे तिला ऐकू यायचं. ती म्हणायची, "बरोबरच बोलतायत." मी उठायला लागले की माझा हात धरायची. "बस खाली. खरं बोलल्याबद्दल कुणाला मारायचं नसतं."

मग अल्ड्विन आला.

अल्ड्विन थिओच्या भावाचा मुलगा. थिओनं त्याला हातोडी धरायला शिकवलं, बोट ठेचलं की बोटाला रम, पोटाला रम, असं करत करत शिकवलं. तो बादली घेऊन नाही आला. ढकलगाडीत सिमेंटची एक गोणी घेऊन आला आणि टँटीच्या पायाशी आपटली. ठण्ण वाजली.

"वाजवून बघ," तो म्हणाला.

"ऐकलं."

"अशा तीन झाल्या, टँटी. उरलेल्या पण होतील. मग मी काय करू? गोण्या रचून भिंत करू?"

"तंबू आहे ना तुला."

"तंबू!" तो हसला, पण वाईट हसला. "तंबूत ये एकदा. खालून पाणी, वरून पाणी. पोर खोकतंय. काकाला काय, काका झोपलाय. त्याला छप्पर लागत नाही."

"तुझ्या काकानं तुला पोटचा मानला."

"मग तो असता तर काय म्हणाला असता? सांग. मला वाळू देऊ नको म्हणाला असता?"

मला वाटलं आता टँटी त्याची रांग काढेल, आजा, आजी, काहीतरी. तेवढ्यात त्याची बायको किझाया वाटेवरून उतरली. तिनं नुसतं पोर उचलून टँटीच्या मांडीवर दिलं आणि बाजूला उभी राहिली. पोर झोपलं होतं. टँटीनं कान त्याच्या छातीला लावला. बराच वेळ.

"धुऊन घे," ती शेवटी म्हणाली. "पावसाच्या पाण्यानं. नुसती वापरलीस तर मीठ लोखंड खातं, भिंत दहा वर्षांत फुटेल. आणि थडग्यांपुढची नको. त्या टोकाची घे."

अल्ड्विन रडायला लागला. मला त्याची कीव नाही आली, राग आला. तो गेल्यावर मी टँटीला म्हणाले, "एकाला दिलीस. आता सगळे येतील."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय मग? त्या पोराच्या छातीत काय वाजतंय ते ऐकलंस का तू?"

"थिओचं काय?"

ती माझ्यावर एवढी ओरडली की पक्षी उडाले. काय ओरडली ते लिहिण्यासारखं नाही.

आले सगळे. अल्ड्विनला दिली मग आम्ही काय सावत्र का, असं म्हणत आले. आणि काय उत्तर होतं त्याला? लिंटन आला, त्याच्या मागं गावचा एकुलता एक पिकअप आला. आधी टोकाची घेतली, मग टोक सरकत सरकत मध्ये आलं. टँटी खुर्चीत बसून राहिली, पण आता ती नुसती बघायची. कुणी आलं की म्हणायची, "धुऊन घे." दुसरं काही नाही.

अल्ड्विननं तिला अर्धी गोणी चांगलं सिमेंट आणून दिलं. "दगडाला," म्हणाला. मग तिनं ईस्टरची वाट बघायची नाही असं ठरवलं. घाई करायची. किती वर्षांनी तिनं टोपली उचलली आणि स्वतः वाळूत उतरली. वाळू भरतानाचा तिचा हात बघायला हवा होता तुम्ही. एका हिसक्यात टोपली भरते, कडेवर घेते, पाय रुतत नाहीत. पिकअपवाले बघत उभे राहिले. कुणीतरी टाळी वाजवली. ती म्हणाली, "तुमच्या आया माझ्यामागं धावायच्या रे, 'मेडोरा, आमच्याकडं आधी टाक' म्हणून." आणि हसली. वादळानंतर ती तेव्हाच हसलेली मला आठवते.

वाळू तिनं धुतली, परत धुतली. फळ्यांच्या साच्यात दगड ओतला. ओला असताना खिळ्यानं नाव मी कोरलं. शाळेचा माझ्या आयुष्यात झालेला उपयोग एवढाच. दगड वाळला, घरात आणला, चादर घातली. बोकडाऐवजी मदतीचा तांदूळ आणि डब्यातले मासे, तुरीचे दाणे किझायानं कुठून तरी पैदा केले. रविवार ठरला. ढोलवाले यायचे होते.

त्या आठवड्यात उत्तरेकडून लाटा आल्या. वादळ नाही, वारापण नाही, स्वच्छ ऊन. जानेवारीत येतात दरवर्षी. पोरं त्यांच्यावर फळ्या घेऊन खेळतात. पण दरवर्षी पुढं किनारा असतो. पट्टी एका सकाळीत गेली. मग कड ढासळायला लागली, भाकरीचा तुकडा मोडावा तशी. दुसरी रांग. आम्ही दोर आणले, अल्ड्विन आणि मी आणि लिंटनसुद्धा, फळ्या लावल्या, गोणपाट भरले. कशानं? वाळू कुठं होती भरायला? माती भरली, ती चहासारखी विरघळली. दुपारी तिसरी रांग गेली. थिओ गेला. मी बघितलं. टँटीनं पण बघितलं.

ती वाळू तशीच राहिली असती तर तो वाचला असता का, हे मला सगळे विचारतात. मला माहीत नाही. लाट मोठी होती. पट्टी लहान होती. अल्ड्विनचं पोर आता खोकत नाही. घ्या, करा हिशोब.

रविवारी लोक जमले. कुणाला वाटलं जेवण तरी होईल. म्हातारे म्हणाले, वर टेकडीवर नवी जागा केली आहे, दगड तिथं लावू, चालतं. पाद्रीबाबा म्हणाले, देवाला जागा कळते. अल्ड्विन म्हणाला, "टँटी, माझी होडी आहे. दगड पाण्यात सोडू. तो तिथंच आहे ना आता."

टँटी दारात उभी होती, चांगले कपडे घालून. सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"दगड डोक्याशी लागतो," ती म्हणाली. "डोकं कुठंय ते सांगा. लावते."

कुणी टेकडीकडं बघितलं, कुणी पाण्याकडं.

"सांगा ना. एवढे जमलात. टेकडीवर आहे? नाही. इथं आहे, की तिथं आहे? की पार त्या मार्टिनिक बेटाकडं गेलंय? अल्ड्विन, तू सांग, कुठल्या लाटेखाली सोडू?"

अल्ड्विननं मान खाली घातली.

"मग जेवा आणि घरी जा."

लोक जेवले. उभ्याउभ्याच, आवाज न करता, आणि गेले. ढोल कुणी वाजवला नाही. दगड अजून तिच्या घरात आहे, खाटेशेजारी भिंतीला टेकवलेला, चादरीखाली. चादर काढू का म्हटलं की म्हणते, असू दे. ती त्याच्याकडं बघत नाही आणि मला हलवू देत नाही.

लाटा बसल्यावर थोडी वाळू परत आली. दगडांच्या फटीत, आधी आली होती तशीच. परवा लिंटन फावडं आणि ढकलगाडी घेऊन उतरताना मला दिसला. मी धावत गेले आणि गाडीपुढं उभी राहिले. त्याला जे बोलले ते त्याच्या आईला ऐकवण्यासारखं नव्हतं, पण आई तर समुद्रातच होती, ऐकलं असेल तिनं.

"पोरी, हो बाजूला," वरून टँटीचा आवाज आला. ती वाटेवर उभी होती, खाली उतरली नाही.

"टँटी, ही नवी वाळू आहे! परत येतेय ती!"

"हो बाजूला."

लिंटननं डोक्यावरची टोपी काढली. इतक्या वर्षांत त्यानं तिच्यापुढं टोपी काढलेली मी बघितली नव्हती. "मेडोरा, थोडीच घेतो," तो म्हणाला. "दुकानाचा उंबरा तेवढा राहिलाय. किती घेऊ?"

"आहे तेवढी घे," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून वर चालायला लागली.

मी गाडीपुढून हलले नाही. लिंटन थांबला, वाट बघत, मान खाली घालून, फावडं वाळूत टेकवून. मी तिला हाका मारल्या. ती वळली नाही. मग मी बाजूला झाले.