बर्फाच्या भोकावरचा एक्स्पर्ट

यशवंत मयेकरला जन्मात एकही मासा लागला नव्हता, हे मालवणजवळच्या त्याच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घर खाडीच्या काठावर, दारात होडी, आणि बायको गिरिजा अशी, की संध्याकाळी गरी टाकायला म्हणून खाली उतरली तर भात शिजायच्या आत दोन तांबोशी घेऊन वर यायची. तिकडे गळाला गरी म्हणतात. यशवंतच्या गरीला मात्र दगड लागायचा. एकदा शेजाऱ्याची लुंगी लागली होती, आणि त्या लुंगीवर गावाने चार वर्षं करमणूक करून घेतली. त्यामुळे ओमानमध्ये यशवंत मासेमारीचा एक्स्पर्ट झाला अशी बातमी आली तेव्हा गावाला वाटलं, हा दुसरा कोणी मयेकर असणार.

पण तो हाच होता.

बावीस वर्षांपूर्वी यशवंत ओमानमधल्या रुस्ताकला एसी आणि फ्रीज दुरुस्त करायच्या दुकानात लागला. यंत्रातला त्याचा हात खरोखरच चांगला. कॉम्प्रेसरला नुसता कान लावून तो दुखणं सांगायचा. दुकानाचा ओमानी मालक मुआज त्याच्यावर खूश होता, आणि मालक खूश असला की माणूस सुटत नाही. दर दोन वर्षांनी यशवंतला चाळीस दिवसांची सुट्टी मिळायची. तो गावी जायचा, घराची कौलं बदलायचा, एखाद्या बारशाला किंवा लग्नाला उभा राहायचा, आणि निघताना गिरिजाला सांगायचा, की कराराचा हा रिन्यूअल शेवटचा. असे शेवटचे दहा रिन्यूअल झाले. दरम्यान मुलगा अश्विन कुडाळला नोकरीला लागला, मुलगी प्रणाली सासरी गेली, आणि गिरिजा खाडीवर एकटी गरी टाकत राहिली.

मग मुआजचं नशीब फळफळलं. मस्कतमधल्या अल हैलजवळच्या एका मॉलमध्ये त्याने भागीदारी घेतली आणि आत स्नो पार्क उघडला. बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत उणे तीन. घाम पुसत यायचं, भाड्याचा कोट चढवायचा, कुडकुडायचं, फोटो काढायचा, आणि पुन्हा घाम गाळायला बाहेर जायचं. याला लोक रांगा लावत होते. थंडी टिकवायला खात्रीचा माणूस हवा, म्हणून मुआजने यशवंतला रुस्ताकहून उचलून आणला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. यंत्र ते यंत्र, दुकानातलं काय आणि मॉलमधलं काय.

घोळ केला तो मॅनेजर रेहानने. लखनौकडचा हा तरुण कुठलासा कोर्स करून आला होता आणि दर सोमवारी त्याला एक कल्पना सुचायची. एका सोमवारी त्याला आइस फिशिंग सुचलं. थंड मुलखात गोठलेल्या तळ्याला भोक पाडतात, त्यावर स्टूल टाकून बसतात, आणि भोकातून गळ सोडून मासे धरतात. तसंच इथे करायचं. हौद बांधला, वर बर्फाचा जाड थर धरवला, त्याला सहा भोकं पाडली. ट्राउट नावाचे चाळीस मासे विमानाने मागवले. त्यांची कागदपत्रं यशवंतच्या कागदपत्रांपेक्षा जाड होती. शिकवायला कॅनडाहून एक साहेब आला, त्याने विमानतळाच्या दारातून बाहेर उन्हात पाऊल टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून परत गेला. मागे राहिली ती त्याची एक पुस्तिका आणि ढगळ लाल कोट.

रेहानने सगळ्यांचे पासपोर्ट काढले आणि जन्मस्थळं वाचली. सिंधुदुर्ग म्हणजे समुद्र, समुद्र म्हणजे मासे, म्हणजे यशवंत. यशवंत नाही म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात मुआजने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला की मला माहीतच होतं, यशवंत सगळं करू शकतो. इतक्या वर्षांत त्याला कोणी असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नव्हतं. तो चढला. कोटावर ‘आइस फिशिंग एक्स्पर्ट’ अशी पट्टी शिवून आली आणि अकराव्या रिन्यूअलची बोलणी सुरू झाली.

माणूस कशालाही सरावतो, यशवंत बर्फाला सरावला. आत दोन बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, आणि गुडघ्यांना गरम पट्टे. दुपारी जेवायला बाहेर पडला की चष्मा पांढरा व्हायचा आणि भिंत चाचपत जावं लागायचं. नाक बाराही महिने वाहायचं. ओठ फाटून त्यांना भेगा पडल्या होत्या, त्यामुळे हसताना तो तोंड जपून उघडायचा आणि लोकांना तो फार गंभीर तज्ज्ञ वाटायचा. पुस्तिका त्याने पाठ केली. तिच्यात लिहिलं होतं, की मासा हा आपला पाहुणा आहे. त्याला ओल्या हाताने धरावा, फोटो काढावा, आभार मानावे आणि परत पाण्यात सोडावा. इंडियन स्कूलची मुलं वाढदिवस साजरे करायला येत आणि ‘थँक्यू फिश’ असं एका सुरात म्हणत. यशवंतही म्हणायचा. त्याच्या आईने हे ऐकलं असतं तर मुलाला घेऊन ती देवाला कौल लावायला गेली असती.

आता गळाला मासा न लागणाऱ्या माणसाला मासे लागत कसे होते? ते गुपित असं. विमानातून उतरलेल्या चाळिसांपैकी सात ट्राउट जगले होते, आणि त्यांना खाद्य मिळायचं ते फक्त वर आल्यावर. गळाला तोंड लावा, दोन मिनिटं हवेत तडफडा, फोटोत या, मग सुक्या खाद्याची एक गोळी. मासे हे शिकले. सर्वांत मोठा होता त्याला यशवंतने मुकादम असं नाव दिलं होतं. दोरी हलली की मुकादम हजर. दिवसातून दहा वेळा तो वर यायचा आणि दहा वेळा खाली जायचा. एक्स्पर्टची सारी अब्रू मुकादमाच्या जबड्यात होती.

मस्कतच्या मराठी मंडळाने ‘आखातातले पहिले मराठी हिममत्स्यतज्ज्ञ’ म्हणून त्याचा सत्कार केला. मंडळी वाटेल त्याचा सत्कार करतात हा भाग वेगळा, पण त्या दिवशी मिळालेली शाल ही इतिहासातली पहिली सत्काराची शाल असेल जी सत्कारमूर्तीने दुसऱ्या दिवशीपासून रोज वापरली. तो ती कोटाच्या आत गुंडाळायचा.

सत्काराचा फोटो गावी गेला. गावाने लुंगीची गोष्ट पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितली. गिरिजा मात्र हसली नाही. तिने अश्विनला पासपोर्टचं विचारलं, व्हिजिट व्हिसा काढायला लावला, आणि मे महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून मस्कतला उतरली. पिशवीत कोकमं, भिरंडेल म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, दोन पाकिटं. विमानतळावर यशवंतने तिची पिशवी घेतली तेव्हाच तिने सांगून टाकलं.

“मी तुमका न्हेवक इलंय.”

यशवंतने तिला समजावलं, की आता मध्येच कसं सुटता येईल, एक्स्पर्टची जागा आहे, अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, भरवसा आहे, एवढा एक रिन्यूअल होऊ दे, हा अगदी शेवटचा. गिरिजाने ऐकून घेतलं. मग म्हणाली की ज्या कामावाचून तुमचं पाऊल निघत नाही ते काम मला एकदा बघू दे.

तिला बघायला मिळाला तो दिवस नेमका वाईट निघाला. पर्यटनवाल्या कंपन्यांची बडी माणसं येणार होती, मुआज स्वतः त्यांना घेऊन येणार होता, आणि फोटोवाला तर सकाळपासूनच आला होता. वाढदिवसाची वीस मुलं भोकांभोवती बसवली होती. मॉलमध्येच गिरिजाच्या माहेरचा एक जण कामाला होता. त्याला द्यायचं सुंगटांचं पाकीट हातातल्या पिशवीत घेऊन ती भाड्याच्या कोटात कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. पाहुणे आले. यशवंतने घसा साफ केला, मासा पाहुणा असल्याचं सांगितलं, आणि दोरी सोडली.

मुकादम आला नाही.

रेहानने सकाळपासून चार वेळा रंगीत तालीम करून घेतली होती. चार तालमींच्या गोळ्या खाऊन सातही मासे हौदाच्या तळाशी सुस्त पडले होते. यशवंतने दोरी हलवली, भोक बदललं, पुस्तिकेतली युक्ती करून पाहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मुलं मोबाइल बघायला लागली. मुआज पाहुण्यांना सांगत होता की इन्शाल्ला, आता येईल. रेहानचा चेहरा हौदावरच्या बर्फासारखा झाला. यशवंतच्या कपाळावर घाम आला, उणे तीनमध्ये. गावच्या खाडीवर रिकामी गरी ओढताना पाठीमागून यायचं ते हसू त्याला इतक्या लांबून ऐकू येत होतं.

गिरिजाला नवऱ्याची ही पाठ ओळखीची होती. ती बाकावरून उठली, भोकाशी आली आणि त्याच्या हातातली काठी बाजूला ठेवली. पिशवीतलं पाकीट फाडून एक सुकं सुंगट गळाला लावलं आणि दोरी नुसत्या बोटांवर घेऊन खाली सोडली. त्या बिचाऱ्या माशांनी वर्षभर गोळ्यांखेरीज दुसरं काही पाहिलं नव्हतं. सुंगटाचा वास खाली पोचायला जेवढा वेळ लागला तेवढाच. बोटाला ओढ बसली, तिने एक हिसका दिला आणि मुकादमाला बर्फावर घेतला. टाळ्या झाल्या. फोटोवाला पुढे सरसावला. मुलं ‘थँक्यू’पर्यंत पोचली.

आणि गिरिजाने पन्नास वर्षांच्या सवयीने मुकादमाला शेपटीकडून धरून बर्फाच्या कडेवर दोनदा आपटला.

मासा धरला की त्याला तडफडत ठेवायचा नाही, ही तिला तिच्या आजीची शिकवण. पार्कात कॉम्प्रेसरची घरघर तेवढी ऐकू येत होती. एका चिमुरडीने विचारलं, “अंकल, इज इट स्लीपिंग?”

मुआज पुढे आला. त्याने मेलेला मासा बघितला, गिरिजाकडे बघितलं, मग यशवंतकडे.

“ये तेरी औरत है?”

“हां, अर्बाब.”

“तो एक्स्पर्ट तू कैसे है?”

बावीस वर्षांत यशवंत मालकाशी खोटं बोलला नव्हता. एकदा फक्त गप्प राहिला होता. आता त्याने सगळं सांगितलं, दगडासकट, लुंगीसकट. मुआज इतका हसला की पाहुणेही हसले. माझा आजोबाही मासा असाच आपटायचा, असं त्याने पाहुण्यांना अरबीत सांगितलं, आणि यशवंतला म्हणाला, “खलास. घर ले जाओ, खा लो.”

संध्याकाळी खोलीवर गिरिजाने मासा साफ करायला घेतला आणि दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिली. पोट, कल्ले सगळं धड होतं. तोंड मात्र चिंधी झालं होतं.

“ह्येच्या ओठाक जागाच रवली नाय,” ती म्हणाली. “धरूचो, फोटो काढूचो, सोडूचो, परत धरूचो. ह्येका काय म्हणतत तुमच्यात?”

“नोकरी,” यशवंत म्हणाला. तो विनोद करायला गेला होता. पण हसायला तोंड उघडलं तशी ओठाची भेग फाटली आणि रक्त आलं. गिरिजाने हात धुतले, भिरंडेलाचा तुकडा दिव्याच्या काचेवर कोमट केला, त्याला समोर बसवलं आणि बोटाने त्याच्या ओठांना तेल लावू लागली. लावता लावता तिची नजर एकदा ताटलीतल्या माशाकडे गेली, एकदा त्याच्याकडे. ती काही बोलली असती तर त्याने नेहमीचं उत्तर दिलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि यशवंतला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. लाज मासा न लागल्याची नव्हती.

कालवण तिने कोकमं घालून केलं. मुकादम बेचव निघाला. आयुष्यभर गोळ्या खाल्ल्यावर आणखी काय होणार.

सकाळी रेहानने बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. पहिला ताकिदीचा: पाहुण्या माशास जिवे मारल्याबद्दल. दुसरा अकराव्या रिन्यूअलचा, कारण आपटण्याचा व्हिडिओ रात्रीत सगळीकडे पसरला होता आणि लोक विचारत होते की पुढचा खेळ कधी आहे. ‘पकडा आणि आपटा’ असं नवीन पॅकेज काढायचं चाललं होतं. मॅडमनाही ठेवून घेता येईल, असं रेहान म्हणाला.

यशवंतने ताकिदीच्या कागदावर सही केली. दुसऱ्या कागदावर केली नाही. अंगातला लाल कोट काढून त्याने टेबलावर ठेवला.

रेहानला तो रुसलाय असं वाटलं. अशी रुसलेली माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. त्याने कोट उचलून खुंटीला लावला आणि समजुतीने म्हणाला, “छुट्टी पे जाओ, यशवंत भाई. चालीस दिन. सब वापस आते हैं.”

कोट अजून त्या खुंटीला आहे. चाळीस दिवस होऊन आता आठवा महिना चालू आहे. मध्यंतरी रेहानने विचारलं, की कधी येताय. यशवंतने फोटो पाठवला. खाडीचा काठ, ओली गरी, आणि गरीला लागलेला चांगला मुठीएवढा दगड.