आत विचारून येतो

"दोन मिनिटं हं मॅडम, आत विचारून येतो," असं म्हणत गाड्यांच्या शोरूममधला तो सेल्समन उठायचा आणि उठता उठता टायची गाठ गळ्याशी घट्ट करायचा. शोरूमच्या टोकाला काळ्या काचांची एक केबिन होती. तिच्या दारावर एका बोटाने टकटक करून तो आत गडप व्हायचा. परत यायचा तेव्हा चेहऱ्यावर हसू असायचं, पण मानेवरचा घाम रुमालाने पुसत यायचा. एसीमध्ये, बरं का!

तुम्ही कधी गाडी घ्यायला गेला असाल, तर असा एखादा तुम्हालाही भेटला असेलच. मऊ बोलणारा, पाणी-कॉफी विचारणारा, आणि साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर न देणारा. पायाखालच्या मॅट मिळतील का? आत विचारून येतो. निळा रंग कधी येईल? आत विचारून येतो. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे बाबा, तुझं लग्न ठरलं तरी मुलीला असंच सांगशील का?" तो लाजला आणि खरंच हसला. त्याचं खरं हसू मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात जायची. गाडी घेणार मी, चालवणार मी. आमच्या ह्यांना सायकलसुद्धा धड येत नाही. पण हा प्रत्येक गोष्ट ह्यांच्याकडे बघून सांगायचा. "सर, पिकअप बघा. सर, ग्राउंड क्लिअरन्स बघा." हे आपले गंभीरपणे मान डोलवायचे. शेवटी मी टेबलावर हात आपटला. "क्लच कुठल्या पायाने दाबतात ते सरांना विचार आधी!" त्यानंतर मात्र तो माझ्याशीच बोलायला लागला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सुरगाणा तालुक्यात, राहायला नाशिकमध्ये. रोजचं अप-डाऊन. वणीपर्यंत एसटी आणि पुढे जीप. जीप म्हणजे आत माणसं, मागे लटकलेली माणसं, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. घाटात वळणावर ती एका अंगाला झुकली की मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरायचे. माझ्यासोबत आणखी दोन शिक्षिका असायच्या. गाडी घ्यायचं ठरलं ते त्या घाटापायी. आपल्या हातात स्टिअरिंग असेल तर आपण सुखरूप घरी येऊ, एवढंच माझं म्हणणं होतं.

मी शाळेच्या गावाचं नाव सांगितलं तेव्हा तो दचकला. "देवळापाशी वळण हाय ना, तिथून जाता? तिथं लय जपाया लागतं, बाई..." आणि एकदम थांबला, टाय सावरला आणि शोरूमच्या भाषेत परत आला. "म्हणजे, व्हिजिबिलिटी कमी आहे मॅडम तिथे." मग हळूहळू कळलं, त्याचं गाव त्याच वळणाच्या वरच्या अंगाला. घरी भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. बाप हंगामात निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जायचा. ह्याने नाशिकला राहून शिक्षण घेतलं आणि टाय लावायला शिकला. मला त्याचं कौतुक वाटलं. पण त्या दिवशीसुद्धा निळ्या गाडीचं विचारलं तर उठला आणि गेला की आत विचारायला.

त्या खेपेला बाहेर आला तो हसू विसरून. म्हणाला, "निळीला वेटिंग आहे मॅडम. व्हाइट रेडी आहे. दसऱ्याला देतो."

"मला पांढरी नको."

"साहेब म्हणतात, व्हाइट द्या."

"साहेब चालवणार आहेत का?"

त्याने टायची गाठ घट्ट केली. पुढे कधीही फोन केला की व्हाइट. जाऊन बसलं की व्हाइट. बुकिंग रद्द करते म्हटलं तर आणखी कोणाकोणाचे गोड फोन यायचे. माझ्या नाकी नऊ आले. दिवाळीनंतर शाळेत तपासणी होती, जीपचे हाल संपत नव्हते, आणि घरी सासूबाईंनी दसऱ्याचा मुहूर्त धरून ठेवलेला. शेवटी मी हात टेकले. म्हटलं, द्या ती पांढरी, पण आधी डोळ्यांनी बघू द्या.

गाडी मागच्या यार्डात होती, पत्र्याच्या शेडखाली, राखाडी कव्हर घातलेली. त्याने मागच्या बाजूने कव्हर थोडं उचललं. मी पुढच्या बाजूला जायला लागले तर तो वाटेत उभा.

"समोरून बघू दे की."

"धूळ आहे मॅडम. डिलिव्हरीला चकाचक करून देतो."

"धुळीला मी भिते का?"

तो हलला नाही. बॉनेटवर हात ठेवून उभा होता, आणि चेहरा पार उतरला होता. मला वाटलं, उपाशी असेल. ह्या पोरांना जेवायला तरी कुठे सोडतात. मी पर्समधला राजगिऱ्याचा लाडू त्याला दिला. त्याने तो खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "रोजच जाता का हो मॅडम घाटातून? रविवारी तरी नाही ना?"

दसऱ्याला शोरूम म्हणजे लग्नाचा हॉल झाला होता. झेंडूचे हार, सनई, पेढे, ओळीने उभ्या गाड्या, आणि प्रत्येक गाडीपुढे एक कुटुंब नवे कपडे घालून. आमची पांढरी चकाचक उभी होती. सासूबाईंनी बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं ठेवली. त्याने पूजेचं ताट आणलं आणि नारळ ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी दगडावर फोडला.

घाण वास सुटला. काळपट पाणी फरशीवर पसरलं. शेजारच्या गाडीची माणसं वळून बघायला लागली.

सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. मी म्हटलं, "आई, नारळ कधीकधी नासका निघतोच. त्याला काय कळतंय?" तेवढ्यात काळ्या काचेचं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. गोरे, नीटनेटके, आवाज इतका हळू की कान द्यावा लागे. "आजी, नासका म्हणजे तर शुभ. देवाने घेतला. दुसरा आण रे."

त्याने दुसरा आणला. ह्यांनी फोडला. तोही नासका!

साहेब परत म्हणाले, "देवाने घेतला, आजी."

"पहिला देवाने घेतला," सासूबाई म्हणाल्या. "हा कोणी घेतला?"

आजूबाजूचे हसले. मी मात्र चिडले होते. पोरांना ग्रहणं कशी लागतात ते शिकवणारी बाई मी, आणि दोन नारळांपायी घरी परत जायचं? मी तावातावाने चावी घ्यायला हात पुढे केला. तो खाली बसून करवंट्या गोळा करत होता. माझ्या पायाशी आला आणि मान वर न करता पुटपुटला, "घेऊ नका, बाई. घाट हाय तुमच्या वाटंला."

माझा हात तसाच राहिला. साहेब वरून त्याच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी म्हटलं, "आमच्या आईंना नको तर नको. आम्ही निळीसाठी थांबू." अंधश्रद्धाळू म्हणून चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदाच मिरवले.

"आत ये," साहेब त्याला म्हणाले. ह्या वेळी त्याने दारावर टकटक केली नाही. दार उघडंच होतं, आणि तो गेल्यावर ते बंद झालं.

निळी दिवाळीच्या आधी आली. वेटिंग कुठे गेलं कोण जाणे. ती घ्यायला गेले तर त्याच्या टेबलावर दुसराच कोणी बसला होता. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, "तो? सोडलं त्याने."

"आणि ती पांढरी गाडी?"

"ती त्याच दिवशी गेली की मॅडम! दसऱ्याला रेडी गाडी शिल्लक राहते होय?" असं म्हणून तिने माझ्यापुढे पेढ्यांचा बॉक्स धरला. मला पेढा घ्यावासा वाटेना.

त्यानंतर तो मला दिसला नाशिकमधल्याच द्वारका चौकात. सिग्नल लाल होता. पाठीवर पार्सलची भलीमोठी पिशवी, मोटरसायकल कडेला लावलेली, आणि हा थांबलेल्या गाड्यांमधून फिरतोय. फक्त पांढऱ्या गाड्यांपाशी थांबत होता. काचेवर टकटक करायचा, वाकून काहीतरी विचारायचा. कोणी हात हलवून हाकलत होतं, कोणी शिव्या देत होतं. मी गाडी पुढे नेऊन कडेला लावली आणि त्याला हाक मारली. टाय नव्हता. अंगाने अर्धा झाला होता. चहाच्या टपरीवर उभं राहून त्याने सगळं सांगितलं.

ती गाडी ट्रेलरवरून उतरवताना निसटून तोंडावर आपटली होती. पुढचा भाग वाकला. मागच्या वर्कशॉपमध्ये ठोकून सरळ केली, रंग मारला. दिसायला नवी, पण वेगात ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. साहेब म्हणाले, कोणाला कळतंय.

"मग मला आधीच का नाही सांगितलंस?" माझा पारा चढला.

"सांगायचंच होतं, बाई. रोज ठरवायचो. पण नोकरी..." तो थांबला. "मग नारळवाल्याकडं गेलो. म्हटलं, नासके हायेत का. त्याला वाटलं मी येडा. फुकट दिले."

"आणि पुढे?"

"मला वाटलं, एवढ्या लोकांदेखत दोन नारळ नासके निघाले, आता ही गाडी कोणी घ्यायचं नाय. यार्डात परत जाईल. आमच्या गावात तर असल्या गाडीला कोणी हात नसता लावला." त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. चहा तसाच होता. "मला आत बसवून ठेवलं. काळ्या काचेतून बाहेरचं सगळं दिसतं, बाई. आतलं दिसत नाय. त्यांनी फरशी फिनेलनं पुसली. दुपारची गर्दी वेगळी, त्यांना काय माहीत? दुसरं कुटुंब आलं. बॉनेटवर छोटी मुलगी बसवून फोटो काढला. नवा नारळ आणला. तो चांगला निघाला."

मीही माझा ग्लास खाली ठेवला. तो त्या कुटुंबाला ओळखत नव्हता. कंपनीला लिहिलं होतं, तक्रार नोंदवली एवढंच उत्तर आलं. पोलिसांत गेला तर ते म्हणाले, गाडीचा नंबर सांग. नंबर पडायच्या आधीच ह्याला काढलं होतं. मग पार्सलं पोचवता पोचवता हा दिसेल त्या पांढऱ्या गाडीला थांबवून विचारायचा, डावीकडे ओढते का? नाशिकमध्ये पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत? मी म्हटलं, "अरे, वेडा होशील अशाने." त्याने माझा नंबर घेतला, आपला दिला, आणि सिग्नल लाल झालेला पाहून पळत गेला. मला त्याचा राग आला होता. आणि पोटच्या पोरासारखी मायाही आली होती, ती मला तिथे दाखवता आली नाही.

पुढे मी द्वारकेला बरेचदा पाहिलं, तो दिसला नाही.

एका रविवारी सासूबाईंना घेऊन वणीला देवीला चालले होते. दिंडोरीच्या पुढे माझ्यासमोर एक पांढरी गाडी होती. पुढे बैलगाडी आडवी आली, त्या गाडीने ब्रेक मारला, आणि तिचं नाक डावीकडे गेलं, रस्त्याच्या कडेच्या मातीपर्यंत. मागच्या काचेतून एक छोटी मुलगी मला टाटा करत होती. मी हॉर्न वाजवत पुढे गेले आणि त्यांना थांबवलं.

"काय झालं ताई?" काच खाली करून त्या गृहस्थांनी विचारलं.

"गाडी ओढते का हो तुमची डावीकडे?"

ते चक्रावले. "ओढते थोडी. नवीन आहे, रुळेल म्हणाले शोरूमवाले. तुम्हाला कसं कळलं?"

"दसऱ्याला घेतली का?"

"हो, दसऱ्याला दुपारीच," त्यांच्या शेजारी बसलेली बायको म्हणाली. मी रस्त्यावर उभी राहून सगळं सांगितलं. मध्येच ती बाई काही न बोलता उतरली, मागचं दार उघडून मुलीला कडेवर घेतलं आणि गाडीपासून लांब जाऊन उभी राहिली. ते गृहस्थ म्हणाले, हळूहळू चालवत नेतो. ती म्हणाली, "तुम्ही पण उतरा." ते उतरले.

मी तिथूनच त्याला फोन लावला. सापडली रे, एवढंच सांगायचं होतं. नंबर सेवेत नव्हता. पुन्हा लावला. तेच.

सोमवारी शाळा सुटल्यावर देवळापाशच्या त्या वळणावरून वर त्याच्या गावात गाडी नेली. घर सापडलं. अंगणात त्याची आई नागली पाखडत होती. मी म्हटलं, तुमच्या मुलाला भेटायचंय.

"तो नाशिकला हाय, शोरूमला," ती म्हणाली. "पार दसऱ्याच्या आधीपासनं आला नाय. सायेब सुट्टी देत नाय म्हणला. आता फोनबी येत नाय. तुम्हाला भेटतो का तो तिथं?"

मी मागे वळून गाडीकडे बघितलं. ती सूप खाली ठेवून उठली आणि निळ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"त्यानंच दिली का ही?"

"हो," मी म्हटलं. "त्यानेच दिली."

"नीट चालती ना?"

"नीट चालते," मी म्हटलं. तिने मला बसायला घोंगडी टाकली आणि चहा ठेवायला आत गेली.