दाराबाहेरची खुर्ची

माझ्या दुकानात केस कापायला येणारे कमी आणि भांडायला येणारे जास्त. बापाच्या वेळेपासून असंच चाललंय. साखर कारखान्याचा भोंगा वाजला की माणसं इथे येऊन बसतात, माझी कॉफी फुकट ढोसतात आणि आमच्या बेसबॉलच्या संघाचा, म्हणजे खेकड्यांचा, उद्धार करतात. डोकं भादरून घेतील तर शपथ!

एक नियम मात्र माझ्या बापाने घालून दिलाय. कोणीतरी एकदा संघातल्या आपल्या भाच्याची इतकी वकिली केली की आरसा फुटेपर्यंत मजल गेली. तेव्हापासून, ज्याच्या रक्ताच्या माणसाचा विषय निघेल त्याने उठायचं, दाराबाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसायचं आणि चकार शब्द काढायचा नाही.

त्या वर्षी ती खुर्ची एलादिओकाकांना मिळाली. कारखान्यात उसाच्या काट्यावर उभं आयुष्य काढलेला हा माणूस. बायको गेलेली, एकुलता एक मुलगा राडामेस मिसरूड फुटायच्या आत अमेरिकेला खेळायला गेलेला. तिथे खेळाडू म्हणून काही जमलं नाही, पण उत्तरेला कुठल्याशा बर्फाच्या गावात तो पोरांना खेळ शिकवायला लागला आणि तिथेच रुतला. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. बॅग उघडायचासुद्धा नाही पुरती.

आणि खेळाचा हिवाळी हंगाम तोंडावर असताना खेकड्यांच्या मॅनेजरला नारळ मिळाला. नवीन कोण? दोन नावं आली. एक आपला पूर्वीचा मॅनेजर नेल्सीदो, आणि दुसरा राडामेस. तो आला असता तर अख्खा हिवाळा इथे राहिला असता. नाताळ घरी, पावट्याचा भात घरी, झोप घरी.

काका तोंडाने काही बोलले नाहीत. पण रोज सकाळी दुकान उघडताना मला समोर दिसायचं: राडामेसच्या खोलीतली गादी त्यांच्या कुंपणावर उन्हात टाकलेली.

"ढेकूण झालेत," म्हणायचे.

"इतकी वर्षं त्यांना काय उपास घडत होता?" मी विचारायचो. ते हसायचे आणि गादीवर काठीने धपाधप मारायचे.

आत आमचं रणकंदन चालू. बसचा ड्रायव्हर चिची नेल्सीदोच्या बाजूचा.

"राडामेसला इथल्या पोरांची नावं तरी माहितेत का रे? बर्फात बसून बसून थिजला असेल!"

"आणि तुझा नेल्सीदो?" मी वस्तरा उगारून म्हणालो. "चेंडू फेकून फेकून पिचरचा हात लोंबायला लागला तरी बदलत नाही. झोपतो मेला डगआउटच्या बाकावर!"

"वस्तरा खाली ठेव आधी! माझी मान आहे ही."

बाहेर काका टोपी गुडघ्यावर ठेवून रस्त्याकडे बघत बसलेले. मी राडामेसच्या बाजूने काही बोललो की त्यांचे कान लाल व्हायचे. मला ते दिसायचं, म्हणून मी आणखी ओरडायचो.

मग एका दुपारी संघाचे मालकच दाढी करायला आले. राजधानीतला माणूस, निर्णयाआधी लोकांचं मन चाचपायला फिरत होता. आमचं सगळ्यांचं ऐकून घेतलं. दाढी झाली, गाल पुसत निघाले आणि दारात थबकले.

"तुम्ही राडामेसचे वडील ना? तुम्ही लहानपणापासून हा संघ बघताय. तुमच्या मते कोण हवा?"

त्यांना बिचाऱ्यांना आमचा नियम काय माहीत! काका उठले. मी मनात म्हटलं, बोला हो काका, मोडा तो नियम, माझ्या बापाला मी वर जाऊन समजावीन.

"नेल्सीदो," काका म्हणाले.

मालक गाडीत बसून गेले. माझं टाळकंच सरकलं. "अहो, वेड लागलं का तुम्हाला? निदान गप्प तरी बसायचं!"

"गप्प बसलो असतो," ते म्हणाले, "तर ते पोरासाठी मागितल्यासारखंच झालं असतं."

चिची जिंकला होता, तरी कॉफी अर्धी टाकून गेला.

रेडिओवर नेल्सीदोचं नाव आलं. दुसऱ्या सकाळी कुंपण रिकामं होतं.

त्या रविवारी माझ्या दुकानातला फोन वाजला. काकांच्या घरी फोन नव्हता, राडामेस नेहमी इथेच करायचा. मी काकांना हाक मारली. त्यांनी तो कानाशी धरला तरी त्या पोराचा आवाज मला ऐकू येत होता.

"बाबा, मालकांनी सांगितलं. म्हणाले, तुमच्या बापालाच तुम्ही नको होतात, मग आम्ही काय करणार."

मी हातातला कंगवा पुसत राहिलो.

मग राडामेसने विचारलं, "बाबा, त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात?"

"बाहेर."

तिकडून हसू आलं. याच दुकानात माझ्या बापाकडून पहिले केस कापून घेतलेला पोरगा तो, खुर्चीचा नियम त्याला पाठ. हसला, हसला आणि मध्येच थांबला. नाक ओढल्याचा आवाज आला.

"तूच हवा होतास रे," काका म्हणाले. "तुझ्याएवढा खेळ कोणाला कळत नाही. आणि नसता कळत, तरी तूच हवा होतास मला."

"माहितेय बाबा. पुढच्या वर्षी बघू."

"हो. पुढच्या वर्षी."

काकांनी फोन ठेवला. मग टोपी घातली, दारापर्यंत गेले, त्या खुर्चीकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी त्याचा विषय निघाला," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तर मला आत बसू देशील?"